फुटबॉलमधील कौशल्यशिक्षण : जिमी हॉगनच्या प्रश्नाचा इतिहास

काही वर्षांपूर्वी शारीरिक शिक्षणाच्या परिभाषेची एक यादी तपासण्याचे काम प्रस्तुत लेखकाकडे आले होते. यादीत 'कोच' आणि 'ट्रेनर' हे दोन शब्द जवळजवळच होते आणि दोहोंपुढे 'प्रशिक्षक' हा एकच प्रतिशब्द लिहिलेला होता. दोन निराळ्या संज्ञांना एकच प्रतिशब्द देणे परिभाषेच्या दृष्टीने सदोष होय, एवढीच शंका मी तेव्हा समासात नोंदविली. परंतु हे दोन शब्द मुळात निराळे का झाले, ह्याचा शोध घेऊ लागल्यावर असे ध्यानात आले, की निदान फुटबॉलच्या बाबतीत हा भेद नुसता शब्दांचा नाही. खेळाडूचे शरीर तयार करणे आणि खेळाडूला खेळ शिकविणे ह्या दोन कल्पना इंग्लंडमध्ये दीर्घकाळ एकमेकींपासून दूर राहिल्या, इतक्या दूर, की दुसरी कल्पना जवळजवळ परदेशीच ठरली.

'ट्रेन' हा शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आला. त्याचा मूळ अर्थ ओढणे, खेचत नेणे. वेलीला वळण लावणे, सैनिकाकडून कवाईत करून घेणे, घोडा शर्यतीसाठी तयार करणे, असे अर्थ घेत घेत तो खेळाडूच्या शरीरापर्यंत पोहोचला. जुन्या इंग्लिश संघांतील 'ट्रेनर' म्हणजे खेळाडूंना मैदानाभोवती पळविणारा, त्यांचे पाय चोळून देणारा, आणि सामन्यात कोणी जायबंदी झाला तर पाण्याची बादली व स्पंज घेऊन धावत जाणारा इसम. 'कोच'ची हकीकत अधिक मनोरंजक आहे. हंगेरीत व्हिएन्ना-बुडापेस्ट रस्त्यावर कोच नावाचे एक गाव आहे. तेथे बनणाऱ्या हलक्या घोडागाड्या पंधराव्या शतकापासून त्या गावाच्या नावाने ओळखल्या जात. गाडीबरोबर शब्दही युरोपभर फिरला व सोळाव्या शतकात इंग्रजीत आला. पुढे १८३०च्या सुमारास ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनी, परीक्षेच्या पैलतीरी 'वाहून नेणाऱ्या' खाजगी शिक्षकाला थट्टेने हे नाव दिले आणि तेथून ते क्रीडाक्षेत्रात शिरले. (त्या गावाच्या नावाचा हंगेरियन उच्चार इंग्रजी उच्चारापेक्षा आपल्या मराठी 'कोच'ला अधिक जवळचा आहे, हे जाता जाता नमूद करण्यास हरकत नाही.) तेव्हा शब्द हंगेरीतून इंग्लंडात गेला, आणि पुढे दिसून येईल त्याप्रमाणे, फुटबॉलपुरती ती वस्तू इंग्लंडातून हंगेरीत गेली. मध्यंतरी इंग्लंडने ती स्वतःजवळ ठेवून घेतली नाही, हाच ह्या लेखाचा विषय.

१८६३ साली लंडनमध्ये फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली, त्या वेळी खेळाचे मुख्य अंग म्हणजे चेंडू स्वतःच्या पायाशी खेळवीत सरळ पुढे धावणे. बाकीचे गडी चेंडू सुटलाच तर तो घेण्यासाठी मागोमाग धावत. १८६६मध्ये ऑफसाइडचा नियम सैल झाला व पुढच्या गड्याकडे चेंडू देणे शक्य झाले, तरी इंग्लिश पब्लिक स्कूलांतून आलेल्या खेळाडूंची सवय लवकर सुटली नाही. ती सवय मोडण्याचे श्रेय स्कॉटलंडकडे जाते. ग्लासगोच्या क्वीन्स पार्क ह्या संघाची स्थापना १८६७ची. ३० नोव्हेंबर १८७२ रोजी इंग्लंड व स्कॉटलंड ह्यांच्यात जो पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला, त्यात स्कॉटलंडचे अकराही गडी ह्याच एका संघाचे होते. इंग्लिश खेळाडू त्यांच्यापेक्षा वजनाने भारी होते. अंगावर अंग घालून निभाव लागणार नाही हे ओळखून स्कॉटिश खेळाडूंनी चेंडू परस्परांकडे देण्याचा मार्ग पत्करला. सामना शून्य-शून्य असा बरोबरीत सुटला. पुढे १८८५मध्ये इंग्लंडात धंदेवाईक खेळाला मान्यता मिळाल्यावर असे स्कॉटिश खेळाडू उत्तर इंग्लंडातील संघांत मोठ्या संख्येने दिसू लागले व त्यांना 'प्रोफेसर' हे टोपणनाव पडले. आमच्या व्यवसायाचा एवढा गौरव क्रीडांगणावर अन्यत्र कोठे झाल्याचे मला ठाऊक नाही. मात्र हे प्रोफेसर शिकवीत नसत. ते खेळत, आणि ज्याला डोळे असतील त्याने पाहून घ्यावे.

धंदेवाईक संघांचा आठवड्याचा क्रम एकदा ठरला तो फारसा बदलला नाही. मैदानाला फेऱ्या घालणे, थोडे वेगाने धावणे, थोडे व्यायाम, आणि शनिवारी सामना. चेंडू आठवडाभर क्वचितच मिळे. ह्यामागे एक चमत्कारिक सिद्धांतही होता: खेळाडूला आठवडाभर चेंडूपासून उपाशी ठेवले म्हणजे शनिवारी तो त्यावर भुकेल्यासारखा तुटून पडेल! हा सिद्धांत आज हास्यास्पद वाटतो, परंतु त्याची मुळे त्या समाजात होती. कारखान्यांच्या आणि खाणींच्या गावांतील गल्ल्यांत मुले दिवसभर चेंडू खेळत. त्यांतून आयते खेळाडू मिळत. कोळशाच्या खाणीच्या तोंडाशी उभे राहून शीळ घातली की एक फुटबॉलपटू वर येतो, अशी ईशान्य इंग्लंडात लोकोक्तीच होती. जी वस्तू आयती आणि मुबलक मिळते, ती कशी तयार होते ह्याचा विचार कोण करणार? शिवाय कौशल्य ही उपजत देणगी आहे, ती असते किंवा नसते, आणि शिकवून येते ते केवळ दमसास, ही समजूत संचालकांपासून खेळाडूंपर्यंत सर्वांची होती. ह्या समजुतीला पहिला महत्त्वाचा धक्का देणारा मनुष्य ह्याच गल्ल्यांतून आला.

जेम्स हॉगन, सर्वतोमुखी जिमी, ह्याचा जन्म १६ ऑक्टोबर १८८२ रोजी लँकशरमधील नेल्सन ह्या गिरण्यांच्या गावी झाला. घराणे आयरिश कॅथलिक. मुलाने धर्मोपदेशक व्हावे ही वडिलांची इच्छा होती. मुलाने फुटबॉल निवडला. बर्नली संघात असताना घडलेला एक प्रसंग तो पुढे आयुष्यभर सांगत असे. एका सामन्यात तो सुरेख मुसंडी मारून गोलासमोर पोहोचला, आणि त्याचा फटका आडव्या दांडीवरून निघून गेला. सामन्यानंतर त्याने व्यवस्थापकाला विचारले, की माझे चुकले कोठे? पाय चुकीच्या जागी होता काय? तोल गेला होता काय? व्यवस्थापकाने तो प्रश्न झटकून टाकला. मारीत राहावे, दहांतून एक गोल झाला तरी पुष्कळ, अशा आशयाचे उत्तर त्याला मिळाले.

माझ्या मते फुटबॉलच्या शिक्षणशास्त्राचा इतिहास ह्या प्रश्नापासून मोजावा. व्यवस्थापकाच्या उत्तरात अभ्यासाला नकार नाही, हे लक्षात घेतले पाहिजे. 'मारीत राहा' हा अभ्यासाचाच उपदेश आहे. नकार आहे तो कारणमीमांसेला. उलट हॉगनला जे हवे होते ते उत्तर मुळात अवघड नाही. ज्या पायावर शरीर तोललेले आहे तो पाय चेंडूच्या मागे राहिला, धड मागे झुकले, आणि फटका चेंडूच्या मध्याखाली बसला, म्हणजे चेंडू वर चढतो. टेकलेला पाय चेंडूच्या बाजूला आणला, गुडघा व छाती चेंडूवर आली, घोटा ताठ राहिला, की तोच फटका जमिनीलगत जातो. हे चार वाक्यांत सांगता येते. परंतु ते सांगता येते, हेच कोणाला सुचत नव्हते. त्यानंतर हॉगन स्वतःच्या हालचालींचे निरीक्षण करू लागला व आपली उत्तरे आपणच शोधू लागला. फुलम संघात त्याला आखूड पासांच्या स्कॉटिश पद्धतीचे व्यवस्थापक लाभले, ह्याचाही त्याच्या विचारांवर परिणाम झाला.

पुढे बोल्टन संघाबरोबर तो हॉलंडच्या दौऱ्यावर गेला. तेथे डॉर्ड्रेख्टच्या संघावर बोल्टनने दहा गोल चढविले. विजयाच्या आनंदात त्याने मनाशी घेतलेली प्रतिज्ञा मात्र निराळी होती: इकडे परत यावे आणि ह्या पोरांना खेळ शिकवावा. १९१०मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, तो खरोखरच डॉर्ड्रेख्टला शिक्षक म्हणून गेला. तेथील खेळाडूंत विद्यार्थी पुष्कळ होते. त्यांना शिकण्याची लाज वाटत नव्हती, आणि कारण विचारण्याची सवय होती. त्याच वर्षी हॉलंडच्या राष्ट्रीय संघाने त्याच्या मार्गदर्शनाखाली जर्मनीचा २-१ असा पराभव केला. त्यानंतर व्हिएन्नाच्या ह्यूगो माइस्लने त्याला ऑस्ट्रियन संघाच्या तयारीसाठी १९१२मध्ये बोलाविले. तेथे आरंभी सूर जुळला नाही. हा इंग्रज आम्हांला बाराखडीच का शिकवितो, अशी खेळाडूंची तक्रार होती. पण माइस्लला तीच बाराखडी हवी होती.

१९१४ साली महायुद्धाला तोंड लागले तेव्हा हॉगन व्हिएन्नातच होता. शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून त्याला अटक झाली. पुढे बायकामुलांना मायदेशी जाण्याची परवानगी मिळाली, त्याला नाही. व्हिएन्नातील एका इंग्रज व्यापारी कुटुंबाच्या आश्रयाने, त्यांच्या मुलांना टेनिस शिकवीत, त्याने काही काळ काढला. नंतर बुडापेस्टच्या एम. टी. के. ह्या संघाच्या एका पदाधिकाऱ्याने आपले वजन खर्चून त्याला हंगेरीत आणले. पोलिसांकडे नियमित हजेरी द्यावयाची आणि संघाला शिकवावयाचे, असा त्याचा युद्धकाळ गेला.

संघातील अनेक जाणते खेळाडू रणांगणावर गेले होते. नवा संघ उभारावयाचा तर तो पोरांतूनच उभारणे भाग होते. बुडापेस्टच्या एका उद्यानात चेंडू खेळत असलेली दोन मुले हॉगनच्या दृष्टीस पडली: ग्यॉर्ज ओर्थ आणि योझेफ ब्राउन. दोघांचाही जन्म १९०१चा. शाळेत जाणारी, चलाख मुले. ही माझी मुले, असे हॉगनने तत्काळ ठरवून टाकले, आणि रोज शाळा सुटल्यावर त्यांना मैदानावर घेऊन तो शिकवू लागला. ह्या एका वाक्यात त्याच्या पद्धतीचा बहुतेक आशय आला आहे. रोज, आठवड्यातून एकदा नव्हे. शाळा सुटल्यावर, म्हणजे शाळेचाच पुढचा तास म्हणून. आणि चेंडूसह. पायाच्या आतल्या बाजूने पास देणे, येणारा चेंडू पाय किंचित मागे घेऊन मऊपणे थोपविणे, दोन्ही पाय सारखेच चालविणे, चेंडू येण्यापूर्वीच तो कोठे द्यावयाचा हे ठरविणे: ह्या गोष्टी त्याने त्यांच्या अंगवळणी पाडल्या. दोघेही पुढे हंगेरीच्या राष्ट्रीय संघातून खेळले. एम. टी. के.ने १९१६-१७पासून १९२४-२५पर्यंत हंगेरीचे विजेतेपद एकदाही हातचे जाऊ दिले नाही. हॉगन १९१८मध्येच तेथून गेला होता, तरी घडविलेली मुले मागे होती. त्यांपैकी ओर्थच्या गुडघ्याला दुखापत होऊन त्याचा खेळ अकाली मंदावला. तो स्वतः शिक्षक झाला व १९३०च्या पहिल्या विश्वचषकात चिलीचा संघ त्याच्या हाताखाली खेळला. ब्राउन ज्यू होता. दुसऱ्या महायुद्धात त्याला सक्तमजुरीच्या तुकडीत धाडण्यात आले, आणि १९४३मध्ये पूर्व आघाडीवर त्याचा अंत झाला.

पहिले महायुद्ध संपल्यावर हॉगन कफल्लक अवस्थेत इंग्लंडला परतला. युद्धामुळे हलाखीत आलेल्या खेळाडूंसाठी फुटबॉल असोसिएशनकडे मदतनिधी होता. तो मागण्यासाठी तो लंडनला गेला असता त्याच्या हातावर खाकी मोज्यांचे तीन जोड ठेवण्यात आले. आघाडीवरच्या सैनिकांना तेच प्रिय होते, असे त्याला ऐकविण्यात आले. ही हकीकत हॉगनच्याच तोंडची आहे व ती सांगताना त्याचा कडवटपणा कधी कमी झाला नाही. पण तिचा अर्थ स्पष्ट आहे. जो युद्धकाळात शत्रूच्या मुलांना खेळ शिकवीत होता, तो मायदेशाच्या लेखी देशसेवक नव्हता.

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात त्याने जर्मनीत व्याख्याने दिली. त्यांपैकी ड्रेस्डेन येथील एका व्याख्यानाची गोष्ट भाषाभ्यासकाने तरी विसरू नये. हॉगनची जर्मन भाषा बेताची होती. शब्द चुकत होते, श्रोते हसत होते. तेव्हा त्याने थोड्या विश्रांतीची विनंती केली, आत गेला, आणि खेळाचा पोशाख घालून परत आला. सर्वांसमक्ष बूट व मोजे काढले. तुमच्यांतील बहुतेकांना चेंडू नीट मारता येत नाही, असे सांगून त्याने अनवाणी उजव्या पायाने सुमारे पंधरा यार्डांवरील लाकडी फळीवर फटका मारला. चेंडू उसळून परत आला, तो त्याने डाव्या पायाने मारला. ह्या वेळी फळी दुभंगली. त्यापुढे त्याच्या व्याकरणाला कोणी हसले नाही. १९७४चा विश्वचषक जिंकणाऱ्या पश्चिम जर्मन संघाचा मार्गदर्शक हेल्मुट शोन हा ड्रेस्डेनचाच. हॉगनविषयी तो नेहमी आदराने बोलत असे.

येथे थोडे थांबून 'अभ्यास' ह्या आपल्या शब्दाकडे वळावेसे वाटते. संस्कृत व्याकरणात धातूचे द्वित्व झाले म्हणजे त्यातील पहिल्या भागास पाणिनी 'अभ्यास' ही संज्ञा देतो. 'कृ' धातूच्या 'चकार' ह्या रूपातील 'च' हा अभ्यास. पुनरुक्ती खरी, पण हुबेहूब नव्हे: 'क'चा 'च' झाला आहे. पूर्वसूरींनी ही संज्ञा योजताना क्रीडाशिक्षणाचा विचार केला नव्हता हे उघड आहे. तरी त्या तांत्रिक संज्ञेत जे सूचित होते तेच पुढे शरीरशास्त्रात प्रयोगाने दिसून आले. १९२०नंतरच्या दशकात मॉस्कोच्या श्रमसंस्थेत निकोलाय बेर्नस्टाइन ह्या शास्त्रज्ञाने घणाचे घाव घालणाऱ्या कुशल कामगारांच्या सांध्यांवर छोटे दिवे बांधून त्यांच्या हालचालींची छायाचित्रे घेतली. हातोड्याचे टोक दर वेळी अचूक त्याच जागी पडत होते, परंतु खांदा, कोपर व मनगट ह्यांचे मार्ग दर घावाला निराळे होते. कुशल मनुष्य हालचाल पुन्हा पुन्हा करीत नाही, तर एकच प्रश्न पुन्हा पुन्हा सोडवितो, असा निष्कर्ष त्यावरून निघतो. हॉगनला बेर्नस्टाइनचे नावही माहीत असण्याचा संभव नाही. परंतु तोही आपल्या शिष्यांना घोकंपट्टी देत नव्हता, कारण देत होता. आणि ज्याला कारण कळले आहे त्याला चेंडू थोडा उंच आला, थोडा आडवा आला, तरी आपली हालचाल बदलून घेता येते.

इंग्लंडमध्ये मात्र ह्या विद्येला थारा मिळाला नाही. माइस्लच्या ऑस्ट्रियन संघाने १६ मे १९३१ रोजी स्कॉटलंडचा ५-० असा धुव्वा उडविला. ७ डिसेंबर १९३२ रोजी लंडनमध्ये त्याच संघाने इंग्लंडला ४-३ इतके झुंजविले, आणि त्या सामन्याच्या तयारीत हॉगन होता. त्यानंतर १९३४मध्ये फुलमने त्याला व्यवस्थापक नेमले. मुरलेल्या धंदेवाईक खेळाडूंना शिकवणीची गरज नाही, असा तेथील खेळाडूंचा पवित्रा होता. अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेसाठी तो रुग्णालयात असतानाच त्याला काढून टाकण्यात आले. १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये अंतिम सामन्यापर्यंत गेलेल्या ऑस्ट्रियन संघाला मार्गदर्शन करून तो परतला, तो ॲस्टन व्हिला संघाकडे. तेथे त्याची कदर झाली, पण १९३९च्या युद्धाने तेही संपले.

२५ नोव्हेंबर १९५३ रोजी वेम्बली येथे हंगेरीने इंग्लंडचा ६-३ असा पराभव केला. सामन्यापूर्वी हंगेरीचे खेळाडू चेंडू घेऊन मैदानावर सराव करू लागले, ह्याचेच इंग्लिश प्रेक्षकांना नवल वाटले. पहिल्या मिनिटातच हिदेगकुटीने गोल केला. त्या दिवसाचा हंगेरीचा तिसरा गोल तर कौशल्यशिक्षणाचा धडा म्हणून दाखविण्यासारखा आहे. पुश्काशने गोलाच्या उजव्या अंगाला चेंडू घेतला. इंग्लंडचा कर्णधार बिली राइट त्यावर झेपावला. पुश्काशने डाव्या तळव्याने चेंडू अलगद मागे ओढला. राइट घसरत पुढे निघून गेला, आणि त्याच पायाने पुश्काशने गोल मारला. (ह्या संघातील सँडोर कोचिशच्या आडनावाचा अर्थ 'गाडीवान', म्हणजे त्याच कोचच्या गाडीचा!) सामन्यानंतर हंगेरीच्या पदाधिकाऱ्यांनी आणि संघाच्या मार्गदर्शकाने ह्या खेळाचे श्रेय जाहीरपणे जिमी हॉगनला दिले. एकाहत्तर वर्षांचा हॉगन त्या दिवशी प्रेक्षकांत होता. ॲस्टन व्हिलाची काही पोरे त्याने बरोबर आणली होती.

हे श्रेय अक्षरशः घ्यावे काय, हा प्रश्न इतिहासाच्या विद्यार्थ्याने विचारलाच पाहिजे. पुश्काशचा जन्म १९२७चा. हॉगन हंगेरीत पुन्हा आला होता तोही त्याच सुमारापर्यंत. तेव्हा प्रत्यक्ष शिष्यत्वाचा प्रश्नच उद्भवत नाही. पुश्काश व बोझिक हे शेजारी. बुडापेस्टनजीकच्या किश्पेश्त येथे मोकळ्या जागांवर चिंध्यांच्या चेंडूने खेळत ते वाढले. त्यांचे पाय तेथे तयार झाले, कोणत्याही शिक्षकाच्या हाताखाली नव्हे. मग हॉगनने काय दिले? माझ्या मते एक परंपरा दिली. लँकशरच्या गल्ल्यांत आणि किश्पेश्तच्या पटांगणांत मुले सारखीच खेळत होती. पण लँकशरचा मुलगा संघात आला की त्याच्या हातून चेंडू काढून घेतला जाई आणि त्याला पळावयास लावले जाई. हंगेरीत मात्र मुलगा संघात आला म्हणजे त्याच्या खेळाला कोणीतरी नाव देत असे, कारण सांगत असे, आणि उरलेला डावा पाय शिकवीत असे. हिदेगकुटी, लान्तोश व झकारिआश हे तिघेही ज्या संघाचे होते तो संघ नाव बदललेला एम. टी. के.च होता, हा निव्वळ योगायोग मानणे अवघड आहे.

इंग्लंडात बदल अगोदरच सुरू झाला होता, हेही सांगणे न्याय्य होईल. १९४६मध्ये असोसिएशनने वॉल्टर विंटरबॉटम ह्या पेशाने शिक्षक असलेल्या गृहस्थाची पहिला शिक्षणसंचालक म्हणून नेमणूक केली होती, व ते राष्ट्रीय संघाचेही व्यवस्थापक होते. म्हणजे वेम्बलीचा पराभव नेमका शिक्षणाच्या कैवाऱ्याच्या वाट्याला आला. पराभवानंतर शिकवणीला प्रतिष्ठा मिळाली. परंतु प्रतिष्ठेबरोबर एक नवा दोष शिरला. मुलांना रांगेत उभे करावे, शंकूंच्या ओळीतून एकेकाने चेंडू न्यावा, परत रांगेच्या शेवटी जावे. हालचाल निर्दोष होते. सामन्यात ती सापडत नाही. भाषाशिक्षणात असाच काळ येऊन गेला. मिशिगन विद्यापीठात चार्ल्स फ्राइज ह्यांनी पुरस्कारिलेली वाक्यसाच्यांच्या आवर्तनाची पद्धती विसाव्या शतकाच्या मध्यावर सर्वत्र पसरली होती, आणि तिचे अवशेष पुढे पुष्कळ वर्षे टिकले. प्रस्तुत लेखकाने जर्मन भाषा त्याच वळणाने शिकली. वर्गात एकही विभक्ती चुकत नसे. पुढे एका जर्मन पाहुण्याला स्टेशनावर उतरवून घेण्याचा प्रसंग आला, आणि त्याने प्रवासाविषयी काही सांगावयास सुरुवात करताच पाठ केलेल्या शेकडो वाक्यांपैकी एकही तोंडातून निघेना. साचा येत होता. तो केव्हा वापरावयाचा हे कधी ठरवावेच लागले नव्हते.

१९७९मध्ये अमेरिकेत शे व मॉर्गन ह्यांनी हाताच्या साध्या हालचालींवर केलेल्या प्रयोगात असे आढळले, की एकेक हालचाल सलग घोटणारे सरावाच्या वेळी सरस ठरतात, पण काही दिवसांनी पाहिले तर हालचाली उलटसुलट क्रमाने शिकलेल्यांच्याच अधिक ध्यानात राहतात. १९८२मध्ये लफबरोच्या बंकर व थॉर्प ह्यांनी खेळ आधी व तंत्र नंतर, असा क्रम सुचविला. तेव्हापासून 'तंत्र की खेळ' असा वाद क्रीडाशिक्षणात चालू आहे. मला तो बराचसा व्यर्थ वाटतो. चेंडू थोपविता न येणाऱ्या मुलाला खेळातील निर्णय घेण्याची संधीच मिळत नाही. आणि निर्णयाशिवाय घोटलेले थोपविणे हे वर्गातल्या विभक्तीसारखे राहते. स्थिर चेंडू, घरंगळणारा चेंडू, धावताना आलेला चेंडू, अंगावर प्रतिस्पर्धी असताना आलेला चेंडू, ह्या पायऱ्या आहेत, पक्ष नव्हेत. प्रत्येक पायरीवर मुलाला पुष्कळ वेळा चेंडू मिळाला पाहिजे, आणि चुकल्यावर का चुकले हे विचारण्याची मुभा पाहिजे.

हा प्रश्न केवळ युरोपाचा नाही. मुंबईच्या कूपरेज मैदानावर खेळल्या जाणाऱ्या, १८९१ साली सुरू होऊन आता बंद पडलेल्या रोव्हर्स चषकाच्या इतिहासात १९५० ते १९५४ ह्या पाचही वर्षी विजेत्याच्या रकान्यात एकच नाव आहे: हैदराबाद सिटी पोलीस. मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यातच होता. ह्या संघाचे शिक्षक सय्यद अब्दुल रहीम हे पेशाने शाळामास्तर होते. त्यांनी शारीरिक शिक्षणाची पदविकाही घेतली होती. हैदराबादेतील तरुण खेळाडूंसाठी त्यांनी मोठ्या कल्पक स्पर्धा भरविल्या. एका प्रकारच्या स्पर्धेत चेंडू पायाशी खेळवीत नेण्यास मनाई असे. आला की दिला पाहिजे. दुसऱ्या प्रकारात खेळाडूने आपल्या दुबळ्या पायानेच खेळावयाचे असे. तिसऱ्या प्रकारात ठराविक उंचीखालच्या मुलांनाच प्रवेश असे, म्हणजे अंगापिंडाचा फायदा घेणारा कोणी नाही.

हॉगनने ड्रेस्डेनला फळी फोडून जे पटविले, ते रहीम ह्यांनी एका नियमात बसविले. शिक्षकाने बाजूला उभे राहून 'डावा पाय वापर' असे ओरडण्याची गरज नाही. स्पर्धेचा नियमच ते काम करतो. आणि हा सराव खेळाबाहेरचा नाही, खेळच आहे, त्यात हरजीत आहे. तंत्र आणि खेळ ह्यांचा जो वाद विद्यापीठांत पुढे तीस वर्षांनी रंगावयाचा होता, तो ह्या शाळामास्तरांनी एका साध्या युक्तीने आधीच ओलांडला होता. १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये, बरेच गडी अनवाणी खेळत असताना, भारताला युगोस्लाव्हियाकडून १०-१ असा पराभव स्वीकारावा लागला, तोही रहीम ह्यांच्याच कारकिर्दीत. १९५६ला मेलबर्न येथे भारत चौथा आला, मुंबईच्या नेव्हिल डिसोझाने ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले, तेही त्यांच्याच कारकिर्दीत. १९६२मध्ये जाकार्ता येथे आशियाई सुवर्णपदक मिळवून परतल्यावर, जून १९६३मध्ये, कर्करोगाने त्यांचे निधन झाले.

रहीम ह्यांच्या उर्दूत 'तालीम' म्हणजे सरळ शिक्षण, शाळेतले. हाच अरबी शब्द मराठीत कुस्तीच्या आखाड्याला आणि नाटकाच्या सरावाला लागला, आणि तालमीतला वस्ताद जोर-बैठकाही काढून घेतो व डाव का फसला तेही सांगतो. शरीर एकाने कमवावे आणि विद्या दुसऱ्याने द्यावी, ही विभागणी ह्या शब्दाला ठाऊकच नाही. परिभाषेच्या यादीत मी 'कोच'पुढे हा शब्द सुचवून पाहिला होता. तो कुस्तीचा वाटतो, असा अभिप्राय मिळाला, आणि छापील यादीत दोन्ही शब्दांपुढे 'प्रशिक्षक' कायम राहिला.